गुरुग्राममधील मराठी वाचक : वास्तव्य व सवयी

गुरुग्राममधील मराठी वाचक मूळचा इथला नव्हे. 1983 साली मारुतीची पहिली मोटार इथल्या कारखान्यातून बाहेर पडली, पुढे काचेचे मनोरे उभे राहिले आणि नोकरीपायी पुण्या-नाशिककडची मंडळी इकडे आली. सामानात पुस्तकांची खोकी असतातच. त्यांतले एक वॉशिंग मशिनशेजारी ‘येत्या रविवारी लावू’ या बोलीवर वर्षानुवर्षे बंद राहते आणि त्यावर कुंडी ठेवायची छान सोय होते.

वाचनाची मुख्य जागा मेट्रो. ती इथे जून 2010 मध्ये पोहोचली. शेवटच्या स्थानकावर चढणाऱ्याला जागा मिळते, म्हणजेच वाचन होते. सिकंदरपूरला चढणाऱ्याच्या पुस्तकात शेजाऱ्याचे कोपर असते. वाचनाची गतीही लक्षात घेण्याजोगी आहे. हुडा सिटी सेंटरला उघडलेली कादंबरी पान 62 वर असतानाच, जुलै 2023 मध्ये, स्थानकाचे नाव गुरुग्राम सिटी सेंटर जाहीर झाले आणि लगोलग मिलेनियम सिटी सेंटर झाले. कादंबरी अजून 62 वरच आहे. गुरु द्रोणाचार्य स्थानकाशी मात्र डब्यातले सगळे अंगठे शाबूत, आणि मोबाइलवर जोरात चालू असतात.

दिवाळी अंकांची प्रथा 1909 च्या ‘मनोरंजन’पासूनची. इथे अंक भाऊबीज उलटल्यावर सोसायटीच्या गेटवर येऊन अडतो. रखवालदार इंटरकॉमवर विचारतो, “सर, कोई मोटी किताब आई है, भेज दूँ?” उशीर पथ्यावरच पडतो. त्या सुमारास हवा इतकी धुरकट असते की खिडक्या बंद, सकाळचे फिरणे बंद. उरते ते वाचन, आणि फराळाचे उरलेसुरले.

सर्वांत नियमित वाचन मात्र पाट्यांचे, कारण गाडी हलत नाही. लिपी एकच, त्यामुळे डोळा मराठीतच वाचतो. शाळेच्या फलकावर ‘उत्तम शिक्षा’ दिसते. फीचा आकडा पाहिला की पालकांना मराठी अर्थच जास्त पटतो. पुढच्या चौकात ‘यातायात पुलिस’. हिंदीत यातायात म्हणजे वाहतूक, मराठीत दगदग. जुलै 2016 च्या पावसात हिरो होंडा चौकाचे तळे झाले आणि मोटारी रात्रभर अडकल्या, तेव्हा हा फरकही उरला नाही.