शुगर लो, आवाज हाय

शुगर वाढलेल्या माणसाला आपल्याकडे केवढा मान! लग्नात त्याच्यासाठी बिनसाखरेचा चहा वेगळा येतो. जिलेबीला नको म्हणताना त्याच्या चेहऱ्यावर त्यागाचे तेज असते. माझी मात्र शुगर कमी होते. त्यावर लोकांचे ठरलेले उत्तर, "मजा आहे बुवा! खा की गोड!"

गंमत अशी की गोडच खायचे नाही. डॉक्टरांनी उलगडून सांगितले, मधुमेह नसतानाही काहींना हा त्रास होतो. नुसते गोड किंवा साबुदाणा-मैद्यासारखे पोटात गेले की साखर झपकन चढते, इन्सुलिन गरजेपेक्षा जास्त उत्साहाने धावते आणि काही तासांत साखर खाली येते. इन्सुलिनचा शोध १९२१चा. सील हॅरिस या अमेरिकन डॉक्टरने १९२४ मध्येच त्याच्या या अतिउत्साहाबद्दल लिहून ठेवले. तेव्हा संकष्टीला खिचडी आणि गोडमिट्ट चहावर चंद्रोदयापर्यंत तग धरणे, हा माझ्यासाठी उपास नसून साहस आहे.

आता दर तीनेक तासांनी थोडे खातो. मोडाची उसळ, मूठभर दाणे, ताक, पिठलं-भाकरी. उपाशीपोटी चहा बंद. एवढे जमते. जमत नाही ते घरच्यांशी. साखर उतरली की घाम, थरथर, धडधड, चिडचिड होते. हिने यातली फक्त चिडचिड पाठ केली आहे. परवा सोसायटीच्या सभेत, सेक्रेटरींच्या पार्किंगमध्ये गंजत पडलेल्या स्कूटरवरून मी आवाज चढवला. मुद्दा बिनतोड होता. हिने पर्समधून ग्लुकोमीटर काढला आणि भर सभेत माझ्या बोटाला टोचले. सगळे आकड्याकडे डोळे लावून बसले. ९२.

"नॉर्मल आहे," ही म्हणाली.

"म्हणजे उगाचच ओरडताहेत," असे म्हणून सेक्रेटरींनी पुढचा विषय घेतला.

तेव्हा एवढे लक्षात ठेवा. मधुमेहाचे औषध घेणाऱ्याचा आकडा ७०च्या खाली गेला तर तीन चमचे साखर, म्हणजे साधारण १५ ग्रॅम, पाण्यातून द्या. १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. पेढा-बर्फी नको, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर उशिरा चढते. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता तडक दवाखाना गाठा. आणि आकडा ९२ आला, तर कृपा करून त्याचे म्हणणे ऐकून घ्या.