एका आउटचे 26 लाख डॉलर

सप्टेंबर 2023

वॉशिंग्टन नॅशनल्स या बेसबॉल संघाच्या मालकांस,


आपलं परवाचं निवेदन वाचलं. आपल्या पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या स्टीफन स्ट्रासबर्गच्या, निवृत्तीचा कार्यक्रम म्हणे आपण जाहीर केलेलाच नव्हता, तेव्हा रद्द होण्याचा प्रश्न येतो कुठे? वर आपण लिहिलंत की स्प्रिंग ट्रेनिंगला, म्हणजे मोसमाआधीच्या सरावाला, त्याची भेट होईल, याची आपण वाट पाहताय. काय हा जिव्हाळा! ज्याची एक बरगडी आणि मानेतले दोन स्नायू डॉक्टरांनी काढून टाकले, त्याला फेब्रुवारीत फ्लोरिडात हजेरी लावायला बोलावणारा मालक मिळायला भाग्य लागतं.

हिशेब जगजाहीर आहे. डिसेंबर 2019 मध्ये आपण त्याच्याशी सात वर्षांचा, साडेचोवीस कोटी डॉलरचा करार केलात. पिचरला तोवर कुणीच एवढे दिले नव्हते. हा विक्रम दोन दिवसही टिकला नाही, यांकीज संघानं गेरिट कोल या पिचरला 32 कोटी 40 लाख देऊन तो मोडला. म्हणजे मिरवायलाही धड मिळालं नाही. त्यानंतर आपला हिरो खेळला आठ सामने. जिंकला एक, हरला चार. माणसं बाद केली 94. भागाकार केला की एका आउटचे साधारण 26 लाख डॉलर होतात.

जास्त मोजलेत? मोजलेतच! तेव्हा तो 31 वर्षांचा होता आणि कोपराचं ऑपरेशन 2010 सालीच झालं होतं. हात जपायचा म्हणून 2012 मध्ये त्याला ऐन प्लेऑफच्या, म्हणजे बाद फेरीच्या, तोंडावर घरी बसवलंत तेही तुम्हीच, आणि मग कार्डिनल्स संघाकडून मार खाल्लात.

पण खरं सांगू? त्या डिसेंबरात तुमच्या जागी मी असतो तरी डोळे मिटून सही केली असती. 1924 नंतर वॉशिंग्टनने पहिल्यांदा वर्ल्ड सिरीज जिंकलेली. आम्ही व्हर्जिनियातली मराठी मंडळी क्रिकेट सोडून तुमच्या नादी लागलो ती त्या ऑक्टोबरातच. त्या सिरीजचा ह्यूस्टनविरुद्धचा सहावा सामना आठवतो? हरलो की खेळ खलास. पहिल्याच इनिंगमध्ये दोन धावा गेल्या. मग स्ट्रासबर्गला सांगण्यात आलं की, बाबा, तुझ्या हालचालीवरून कुठला चेंडू येणार ते त्यांना आधीच कळतंय. तेव्हापासून तो चेंडू टाकण्याआधी हातमोजा मुद्दाम हलवत राहिला, आणि नवव्या इनिंगपर्यंत त्यानं आणखी एकही धाव दिली नाही.

आता एक गंमत बघा. त्या वर्षी नियमित मोसमात त्यानं 209 इनिंग टाकल्या, प्लेऑफमध्ये 36 आणि वर एक आउट. एकूण 245. आणि तुमचा करारही 245 मिलियनचाच. तुम्हाला वाटलं आपण पुढची सात वर्षं विकत घेतली. अहो, तुम्ही झालेल्या कामाची मजुरी देत होतात. तो हात तेव्हाच खर्ची पडला होता, तुमची ट्रॉफी आणताना!

मग आता ही कसली खळखळ? बेसबॉलचा करार पक्का असतो. जायबंदी झाला तरी पगार पूर्ण मिळतो. फक्त आपणहून निवृत्त झाला तर उरलेल्या पैशांवर पाणी, आणि अजून तीन वर्षांचे साडेदहा कोटी उरलेत. म्हणजे त्याला जायबंदीच्या यादीत लोंबकळत ठेवायचं, कंटाळून तोच काही सूट देईल अशी आशा करायची. ठरवताना लाखाच्या गोष्टी करायच्या आणि वरात दारात आल्यावर पंगतीतले लाडू मोजायला बसायचं, असला प्रकार आहे हा. लाज वाटत नाही? उजव्या हातानं दार उघडायला, पोरींना उचलून घ्यायला त्याला त्रास होतो, असं पेपरात आलं. आणि तुम्ही त्याला सरावाला बोलावताय!

बोलणी खाजगीतच राहावीत, अशी आपली इच्छा दिसते. ठीक आहे. चेक खाजगीत पाठवला तरी आमची हरकत नाही, फक्त त्यावरचा आकडा पूर्ण असू द्या.

आपला,
वरच्या स्वस्त रांगेतला एक प्रेक्षक