सिंगल ओनर, डॉक्टरांची गाडी

२०१४ साली ऑडीने ए३ सेडान भारतात आणली तेव्हा तिची किंमत २२.९५ लाखांपासून सुरू होत होती. आता तीच गाडी नव्या हॅचबॅकच्या भावात दारात उभी राहते. विकणारा हमखास सांगतो, "सिंगल ओनर, डॉक्टरांची गाडी." राज्यात खरोखर इतके डॉक्टर असते, तर सरकारी दवाखान्यांतल्या रिकाम्या जागा केव्हाच भरल्या असत्या.

गाडी जुनी झाली की तिचा भाव उतरतो; सुट्या भागांना मात्र हे कोणी कळवत नाही. ते अजून शोरूमच्याच तोऱ्यात येतात.

पेट्रोल मॉडेलचा सात गिअरचा ड्युअल क्लच कोरडा, म्हणजे त्याला गार ठेवायला तेल नाही. मोकळ्या रस्त्यावर गिअर बदलतो तो पोटातलं पाणीही न हलता. पण संध्याकाळी हिंजवडीच्या कोंडीत पुढच्या बसमागे वीतभर सरका, थांबा, पुन्हा सरका. तोच क्लच अर्धवट घासत राहतो, तापतो, आणि पुढेमागे पहिल्या-दुसऱ्या गिअरला गाडी थरथरू लागते. एजंटकडे उत्तर तयार असतं : "जर्मन गाड्यांचा फील असाच असतो, काका!"

घ्यायचीच असेल तर सर्व्हिसच्या नोंदी मागा, चाचणी कोंडीतच घ्या आणि दुरुस्तीसाठी वेगळे पैसे ठेवा. सगळी पुंजी गाडीतच जाणार असेल तर सरळ डिझायर घ्या. तिचा क्लच कोपऱ्यावरचा मेकॅनिकही बदलून देतो.