पार्किंगमधला क्वालिटी विभाग

पिंपळे गुरवच्या जवळजवळ प्रत्येक सोसायटीत एक क्वालिटी साहेब राहतात. पहाटे सृष्टी चौकात कंपनीच्या बसची वाट बघत जी मंडळी उभी असतात, त्यांत ते असतात. बाकीचे मोबाइलमध्ये बघत असतात आणि साहेब समोर लावलेल्या परक्या दुचाकीच्या प्लास्टिकमध्ये. गाव बार्शी, पाचोरा नाहीतर नांदेडकडचं, नोकरी चाकणच्या एखाद्या व्हेंडर कंपनीत, घराचा हप्ता चालू, आणि पार्किंगमध्ये एक टूरिंग मोटरसायकल. ती चालवताना त्यांना फारसं कुणी पाहिलेलं नाही. रविवारी सकाळी ती अंगावरचं सगळं प्लास्टिक उतरवून स्टँडवर उभी असते, तिचे स्क्रू इडलीपात्राच्या खळग्यांत क्रमाने मांडलेले असतात, आणि साहेब फेअरिंगचा एक तुकडा उन्हाकडे धरून डोळे बारीक करून बघत असतात.

दूध घेऊन येणारा शेजारी विचारतो, “काय झालं साहेब?”

“हेअरलाइन क्रॅक.”

शेजाऱ्याला काही दिसत नाही. साहेब मोबाइलचा टॉर्च लावतात. तरी दिसत नाही. मग साहेब पॅनेल दोन्ही हातांनी जरासं वाकवतात, कट्ट असा आवाज होतो, आणि क्रॅक सगळ्यांना दिसू लागते.

हेच साहेब कंपनीत पार्टवर नखाएवढा ओरखडा दिसला की अख्खा लॉट होल्डवर टाकतात. लाल टॅग लावतात. भोसरीच्या मोल्डिंगवाल्याचा माणूस दुपारच्या उन्हात नाशिक रस्त्याने चाकणला धावत येतो, हात जोडतो, “साहेब, या खेपेला तेवढं डेव्हिएशन द्या.” साहेब देत नाहीत. भर मार्च एंडलाही देत नाहीत. मात्र घरच्या गाडीचं पॅनेल मधोमध उभं चिरलेलं असलं, त्याचे दोन कान तुटलेले असले, तरी ते पॅनेल त्यांच्या लेखी ‘रिवर्केबल’ असतं. भंगार हा शब्द पार्किंगमध्ये उच्चारलेला त्यांना खपत नाही.

गाडी पडली, असंही त्यांच्यासमोर म्हणायचं नाही. ‘टिप-ओव्हर’ म्हणायचं. टूरिंगच्या गाड्यांची फेअरिंगं घाटात भन्नाट वेगाने पडून फुटतात हा गैरसमज आहे. बरीचशी पार्किंगमध्ये, उभ्या उभ्या, साइड स्टँडवरून कलंडून फुटतात. टिप-ओव्हर झाला की साहेब रीतसर ‘फाइव्ह व्हाय’ करतात. पॅनेल का फुटलं? गाडी कलंडली म्हणून. का कलंडली? साइड स्टँड रुतला म्हणून. का रुतला? खालचा पेव्हर ब्लॉक खचलेला. का खचला? ड्रेनेजसाठी खोदून नीट बुजवला नाही. का नाही? चेअरमन. साहेबांच्या पार्किंगमध्ये आजवर जे जे फुटलं, त्या सगळ्याचं मूळ कारण पाचव्या पायरीवर चेअरमनच निघालेलं आहे. खरं तर अशा पॅनेलांना भेगा पडतात त्या बहुतेक वेळा स्क्रूच्या भोकापासून. स्क्रूखालचा रबरी वॉशर हरवलेला असतो, स्क्रू हिसका देऊन आवळलेला असतो, आणि इंजिनाची थरथर उरलेलं काम करते. तो वॉशर मागच्या रविवारी कुणाच्या हातून हरवला, हा सहावा व्हाय. तो विचारण्याची पद्धत नाही.

दुरुस्तीत मात्र माणूस पक्का. गल्लीतला गॅरेजवाला पॅनेल बघितलं की आधी एम-सीलकडे हात नेतो. साहेब आधी पॅनेल उलटं करून आतला प्लास्टिकच्या जातीचा शिक्का वाचतात. एबीएस असेल तर एक पंथ, पीपी असेल तर दुसरा. एबीएस अॅसिटोनमध्ये विरघळतं. त्याच जातीच्या प्लास्टिकचे तुकडे अॅसिटोनमध्ये टाकून ठेवले की दुसऱ्या दिवशी दाट खळ तयार होते. ती भेगेत भरली की प्लास्टिक प्लास्टिकशीच एकजीव होतं. पीपीला अॅसिटोन लावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. साधा गोंदही त्याला धरत नाही. तिथे सोल्डरिंग आयर्न तापवून त्याच जातीच्या पट्टीने वेल्डिंगच करावं लागतं. पंथ कुठलाही असो, पहिला विधी एकच. भेग जिथे संपते तिथे दोन-तीन मिलिमीटरचं बारीक भोक पाडायचं, म्हणजे टोकाशी एकवटणारा ताण पसरतो आणि भेग पुढे पळत नाही. मग मागच्या बाजूने स्टीलची जाळी गरम करून आत दाबायची. हे सगळं उघड्यावर, मास्क लावून, कारण तापलेल्या एबीएसचा धूर नाकातोंडात गेलेला चांगला नाही. मास्क साहेब वॉचमनकाकांनाही देतात. काकांना तिथे थांबायचं नसतं, पण टॉर्च धरायला माणूस लागतोच.

कच्चा माल घरातून येतो. “अहो, माझं नेलपॉलिश रिमूव्हर कुठंय?” हा प्रश्न त्या घरात दर सोमवारी विचारला जातो. अॅसिटोन नसलेलं रिमूव्हरही बाजारात मिळतं हे वहिनींना कळलं, तेव्हापासून त्या तेच आणतात आणि साहेब बाटलीमागची बारीक अक्षरं वाचून सुस्कारा सोडतात. स्टीलची जाळी चहाच्या गाळणीची. आणि लेगोचे ठोकळे १९६३ सालापासून एबीएसचे बनतात, हे साहेबांना ठाऊक आहे, मुलाला नव्हतं. काळ्या पॅनेलच्या आतल्या बाजूला साहेबांच्या वेल्डिंगची रेघ लालभडक दिसते ती त्यामुळे.

एरवी एबीएसचे फुटके तुकडे चिखलीच्या कुदळवाडीत मिळायचे. तिथली भंगाराची गोदामं महापालिकेने २०२५च्या फेब्रुवारीत बुलडोझर लावून पाडली. कित्येकांची पोटं त्यावर होती, हे आधी म्हटलं पाहिजे. पण साहेबांच्या घरीही त्या आठवड्यात वातावरण सुतकीच होतं. आता ते रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात जातात, आणि ज्या गाड्या त्यांच्याकडे नाहीत त्यांचीही पॅनेलं घेऊन येतात.

जोड पक्की झाली की चारशेचा, आठशेचा, बाराशेचा पेपर, पाणी सोडत सोडत घासायचा. मग प्रायमर, मग रंग. इथे साहेबांची पहिल्यांदा हार होते, कारण काळा रंग एक नसतो, आणि स्प्रेच्या डब्यातला काळा कंपनीच्या काळ्याशी कधीच जुळत नाही. दोन काळ्यांमधली सीमारेषा झाकायला स्टिकर येतं. त्यांच्या गाडीवर लेह आहे, स्पिती आहे, कन्याकुमारी आहे. बघणारा हरखून जातो. जाणकाराला कळतं की तो प्रवासाचा नकाशा नसून भेगांचा आहे. गाडी स्वतः ताम्हिणीच्या पुढे गेलेली नाही. खारदुंग लाच्या स्टिकरवर १८,३८० फूट छापलं होतं. साहेबांनी तो आकडा मार्करने खोडून १७,५८२ केला, कारण नव्या मोजणीत उंची तेवढीच भरते. चुकीचं स्पेसिफिकेशन गाडीवर ठेवायचं नाही, मग गाडी तिथे गेलेली असो वा नसो.

नवं पॅनेल मागवलं तर घरपोच येतं. रविवार, पेपर, प्रायमर, गाळणी आणि लेगोचा हिशेब केला तर ते स्वस्तही पडतं. तरी साहेब मागवत नाहीत, आणि मला ते पटतं. कंपनीत एका पार्टच्या कागदावर लाइन लीडरपासून कस्टमरपर्यंत सगळ्यांच्या सह्या लागतात, आणि साहेबांच्या वाट्याला फक्त ‘नाही’ म्हणायचं काम येतं. पार्किंगमध्ये माल बनवणारे ते, तपासणारे ते, गिऱ्हाईकही तेच. डेव्हिएशन मागतातही तेच आणि देतातही तेच. आठवड्यातून एकदा ‘पास’ म्हणायला मिळणार असेल, तर त्यासाठी एक गाळणी ही काही फार मोठी किंमत नाही. वहिनींचं मत वेगळं आहे.

तुमच्या गाडीचं पॅनेल तडकलं असेल तर खुशाल साहेबांकडे घेऊन जा. काम चोख होईल, पैसे घेणार नाहीत, रबरी वॉशर तेवढे मोजून द्या आणि मोजून परत घ्या. सुट्टीचा बेत मात्र त्या पॅनेलवर ठरवू नका. आणि नव्याची किंमत मोबाइलवर बघितली असली, तरी त्यांच्यासमोर बोलू नका.