मोठ्या लिपीतली आग

अमेरिकेत वणवा पेटला की आधी त्याचे बारसे होते. जवळचा ओढा, रस्ता पाहून नाव ठरते. आयडाहोत २०१५ साली काहीच सुचेना, तेव्हा एका वणव्याचे नाव ठेवले 'नॉट क्रिएटिव्ह'. मग उपसंपादकांपुढे खरा पेच उभा राहतो : इंग्रजीत या नावाचे आद्याक्षर मोठ्या लिपीत की लहान?

हा काथ्याकूट वाटत असेल, तर 'कॅम्प फायर' आठवा. नोव्हेंबर २०१८ मध्ये कॅम्प क्रीक रस्त्याजवळ भडकलेल्या या आगीने कॅलिफोर्नियातले पॅरडाइज गाव बेचिराख केले. ८५ माणसे गेली. तेच नाव लहान लिपीत लिहा, उरते ती शेकोटी, गिटार आणि भाजलेली कणसे. आग आटोक्यात आणायचा इतका स्वस्त उपाय अग्निशमन दलालाही सुचला नव्हता. पुढे एकरांनुसार टंक ठरवावा : शेकड्यात बारीक, हजारांत मोठा, लाखांत ठळक. विझत आली की तिरपा.

आपण सुखी. देवनागरीत लहान-मोठी लिपीच नाही. त्यामुळे सह्याद्रीतल्या वणव्यांना आपण नाव ठेवत नाही. नावे ठेवतो ती फक्त वनरक्षकाला.