बोटवाले आप्पा

एरंडोलला समुद्र नाही. सर्वांत जवळचा म्हणावा तर सुरतेकडचा, तोही अडीचशे किलोमीटरच्या पलीकडे. नदी आहे, अंजनी. पण चैत्र-वैशाखात तिच्यात म्हैस बसवायची तरी जागा शोधावी लागते. जळगाव-धुळे ये-जा करणाऱ्याला एरंडोल म्हणजे पांडववाडा आणि पद्मालयाच्या गणपतीचा रस्ता, एवढंच ठाऊक. जुन्या युद्धनौकांबद्दल काही विचारायचं असेल तर मात्र इथेच उतरावं, कारण इथे बोटवाले आप्पा राहतात. त्यांचं खरं नाव लिहून उपयोग नाही. पोस्टमनसुद्धा पार्सलवरचं नाव वाचत नाही. वजन बघतो आणि आप्पांच्या दारात सायकल उभी करतो.

आप्पा पाटबंधारे खात्यात ट्रेसर होते. टी-स्क्वेअर, रोट्रिंगचं पेन आणि ट्रेसिंग पेपर यांत नोकरी सरली. कालव्याचे उभे छेद, कालव्याचे आडवे छेद. कालवा ही आरेखकाच्या दृष्टीने फार नीरस वस्तू. मैल न् मैल गेलं तरी छेद तोच. अशा माणसाला सरकारी कामासाठी मुंबईला पाठवलं आणि फोर्टातल्या फुटपाथवर त्याच्या हाती ‘द बॅटलशिप यामाटो’ पडलं. लंडनच्या कॉनवे प्रकाशनाच्या ‘अॅनाटमी ऑफ द शिप’ मालिकेतलं, यानुश स्कुल्स्की या पोलिश आरेखकाचं, 1988 सालचं पुस्तक. सरकारी कामाचं पुढे काय झालं ते आप्पा सांगत नाहीत.

या मालिकेतली पुस्तकं एका साच्याची असतात. सुरुवातीला थोडा मजकूर, मग फोटो, आणि मग पानामागून पान नुसती रेखाचित्रं. तीन नळ्यांची 25 मिलिमीटरची विमानविरोधी तोफ समोरून, बाजूने, वरून. तिच्यामागच्या माणसाची बसायची जागा. शिडीच्या पायऱ्या, नांगराच्या साखळीचा दुवा, होडी खाली सोडायचा आकडा. आप्पांचं इंग्रजी बेताचं आहे, पण मजकूर त्यांच्या लेखी चित्रांमधली जागा भरण्यापुरता असतो. या पुस्तकांत जहाजाचं सगळं असतं, समुद्र तेवढा कुठे काढलेला नसतो. माझ्या मते म्हणूनच ती एरंडोलला इतकी सुखाने वाचता येतात.

पुस्तक बघायला मिळणं सोपं नाही. आधी हात धुवायचे, साबणाने. शेवभाजी खाऊन आलेल्याने दोनदा. मग आप्पा पुस्तक पाटावर ठेवतात, जुन्या धोतराचं फडकं उलगडतात आणि पान बोटाने नव्हे, प्लॅस्टिकच्या फूटपट्टीने उलटतात. तुम्ही बोट टेकवायला गेलात की फूटपट्टी तुमच्या बोटाखाली येते. मारत नाहीत, नुसती आडवी धरतात. पण हाडाच्या ट्रेसरने आडवी धरलेली फूटपट्टी पुरेशी असते.

या पुस्तकांच्या कुळाचा मूळपुरुष फ्रेड जेन नावाचा इंग्रज चित्रकार. त्याने 1898 मध्ये जगातल्या लढाऊ जहाजांचा सचित्र कोश काढला, चित्रंही स्वतःच काढली. त्याच्या नावाचा कोश आजही निघतो. आप्पांकडे 1914 सालच्या कोशाचं पुनर्मुद्रण आहे. त्यामुळे त्यांच्या कपाटात ऑस्ट्रिया-हंगेरीचं आरमार अजून शाबूत आहे.

आप्पांशी बोलताना मापं सांभाळावी लागतात. यामाटो या जपानी युद्धनौकेची लांबी 263 मीटर, म्हणजे एकामागे एक चोवीस एस.टी. बसगाड्या. मुख्य तोफा नऊ, तोंडाचा व्यास 46 सेंटिमीटर. एका गोळ्याचं वजन 1460 किलो, आप्पांच्या भाषेत ‘साडेचौदा क्विंटल, वर दहा किलो’. कापूस बाजार समितीत नेणारा माणूस हे ऐकून गंभीर होतो. पल्ला 42 किलोमीटर. म्हणजे एरंडोलच्या बसस्टँडवर ती तोफ लावली तर पारोळा, अमळनेर, जळगाव तिन्ही टप्प्यात येतात, धुळं सुटतं. आप्पांची सासुरवाडी धुळ्याची. पहिल्यांदा हा हिशेब ऐकला तेव्हा आक्का स्वयंपाकघरातूनच म्हणाल्या, “मन्हं माहेर वाचनं तं!” कुणी गमतीने विचारलं, आप्पा, ही बोट पद्मालयाच्या तळ्यात राहील का, तर आप्पा हसत नाहीत. तळ्याची खोली आधी मोजावी लागेल म्हणतात. यामाटोचं बूड पाण्याखाली साडेदहा-अकरा मीटर असतं.

पुस्तकांवरून आप्पा बोटी करतात. प्रमाण दोनशेला एक. जपानी कंपन्यांचे प्लॅस्टिकचे तयार संच बाजारात मिळतात, साडेतीनशेला एक, सातशेला एक. आप्पांना ते मान्य नाहीत. दुसऱ्याने कापलेले भाग चिकटवणं म्हणजे त्यांच्या मते लिफाफा बंद करणं. त्यांची यामाटो सव्वा मीटरहून लांब आहे आणि पुढच्या खोलीतल्या दिवाणावर असते. पाहुणे कडेला बसतात. मुख्य तोफेची नळी मुळात 21 मीटर. दोनशेने भागा, साडेदहा सेंटिमीटर, म्हणजे शाई संपलेली बॉलपेनची रिफिल. शाळेच्या परीक्षा संपल्या की आप्पा फाटकाशी उभे राहून मुलांकडून रिफिली गोळा करतात. त्यातलीच एखादी मेणबत्तीवर धरून ताणली की केसाएवढी बारीक तार निघते. ती डोलकाठीला.

आणि बाकी सगळी बोट लग्नपत्रिकांची.

एरंडोलात कुणीही पत्रिका घेऊन आलं की आप्पा मुहूर्त वाचत नाहीत. आधी अंगठा आणि तर्जनी यांत धरून जाडी बघतात, मग कोपरा हलकेच वाकवून सोडतात. पत्रिका टण्णकन सरळ झाली तर ‘वा, स्थळ चांगलं आहे’ म्हणतात. पातळ पत्रिकेच्या लग्नाला आक्का एकट्या जातात. जपानच्या सम्राटाच्या सर्वांत मोठ्या युद्धनौकेचं मागलं डेक आप्पांनी एकदा मला उचलून दाखवलं. खालच्या बाजूला गुलाबी अक्षरांत लिहिलं होतं : ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!’ पुढच्या तोफखान्याच्या पोटात श्रीगणेश होते. आप्पा म्हणाले, रंग देताना तेवढी जागा सोडली.

रंगाचं तर वेगळंच पुराण. करडा तो करडा, असं तुम्ही-आम्ही म्हणू. पण जपानी आरमारात कुरे गोदीचा करडा वेगळा, सासेबोचा वेगळा. यामाटो कुरेची. युद्ध संपताना जपान्यांनी तिचे बहुतेक नकाशे जाळून टाकले, फोटोही फार थोडे उरले. पुढे 1985 मध्ये समुद्राच्या तळाशी सापडलेले अवशेष तिचेच हे नक्की झालं आणि पुस्तकवाल्यांना जुनी चित्रं दुरुस्त करावी लागली. पार्सल आलं की आप्पा दुरुस्त्या आधी बघतात आणि संध्याकाळी पॉलिश पेपर घेऊन दिवाणापाशी बसतात. आक्कांचं म्हणणं एकच : “पानीमा जात नही, कपाटमा मावत नही. मंग हाई बोट काय कामनी?” या प्रश्नाला आप्पांकडे उत्तर नाही. माझ्याकडेही नाही.

नाक्यावरच्या मोबाइल दुकानातला पोरगा फोनवर युद्धनौकांचा खेळ खेळतो. एकदा तो कौतुकाने सांगत आला, “आप्पा, काल माझी यामाटो बुडाली.” आप्पांनी फूटपट्टी खाली ठेवली. “माणसं किती गेली?” पोरगा म्हणाला, “पॉइंट?” त्या दिवसापासून त्याला पुस्तक दाखवणं बंद आहे. खरी यामाटो 7 एप्रिल 1945 रोजी ओकिनावाच्या वाटेवर अमेरिकन विमानांनी दोनेक तासांत बुडवली. तीन हजारांवर माणसं तिच्यात होती, तीनशेही वाचली नाहीत. विमानांपुढे त्या साडेचौदा क्विंटलच्या गोळ्यांचा काही उपयोग झाला नाही. दर 7 एप्रिलला आप्पा उपास धरतात. पहिल्या वर्षी आक्कांनी पंचांग काढून तिथी शोधली. आता न विचारता साबुदाणा भिजवतात.

आप्पा संतापतात ते एकाच विषयावर. जपानने ज्या मिसुरी युद्धनौकेवर 2 सप्टेंबर 1945 रोजी शरणागतीवर सही केली, ती हवाईत जपून ठेवली आहे. जपानची मिकासा योकोसुकाला उभी आहे. आपल्या मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारी सागवानात बांधलेली, 1817 सालची ट्रिंकोमाली इंग्लंडात हार्टलपूलला आहे. तिकीट काढून बघता येते. आणि 1961 मध्ये आपल्या नौदलात आलेली, 1971 च्या युद्धात लढलेली, 1997 मध्ये निवृत्त झालेली विक्रांत? मुंबईतच तोडली, भंगारात. तिच्या पोलादाचा अंश घालून पुढे मोटारसायकल निघाली. तशी एक गाडी एरंडोलात आहे. ती समोरून गेली की आप्पा पानाची पिचकारी मध्येच थांबवून म्हणतात, “विक्रांत गेली.”

कान्होजी आंग्र्यांच्या गुराबांचं दुःख तर त्याहून मोठं. दर्यावर इतका दरारा असलेली जहाजं, पण स्कुल्स्कीने यामाटोची काढली तशी मापासकट काढलेली त्यांची रेखाचित्रं आप्पांना कुठे मिळालेली नाहीत. इतिहासाच्या पुस्तकांत शौर्य भरपूर आहे. शिडाची काठी किती हात, ते नाही. आप्पांना शौर्य नको आहे, काठी हवी आहे.

सध्या विक्रांत बांधणं चालू आहे. मूळची 213 मीटर, आप्पांची एक मीटर साडेसहा सेंटिमीटर. नाकापासून शेपटीपर्यंत सलग डेक, त्यामुळे पत्रिका एकसारख्या जाडीच्या लागतात, आणि इथेच घोडं अडलं आहे. गेल्या दोन-तीन लग्नसराईंत लोक व्हॉट्सअॅपवर निमंत्रण पाठवू लागले. फोनमधल्या गणपतीला जाडी नसते. विक्रांतचं पुढलं टोक तयार आहे, मागचं अडून बसलंय.

तरी एरंडोल, धरणगाव, पारोळा भागातल्या समस्त वरपित्यांना आणि वधुपित्यांना आप्पांतर्फे विनंती : पत्रिका छापाच, आणि तीनशे जीएसएमच्या खाली जाऊ नका. आप्पा लग्नाला येतील, आहेरही आणतील. उरलेल्या पत्रिका मांडवाच्या दाराशी काढून ठेवाव्यात.