स्टेशन सोडून सगळं तयार

६ ऑगस्ट २०२३ला देशातल्या ५०८ स्टेशनांच्या कायापालटाची पायाभरणी एका दमात झाली. रूफ प्लाझा, फूड कोर्ट, वायफाय. स्टेशन म्हणजे आता 'सिटी सेंटर'. लातूर जिल्ह्यातल्या आम्हा देवणीकरांना आनंदच आहे. आमच्याकडे फक्त रूळ नाहीत. गाडी धरायची तर उदगीर नाहीतर कर्नाटक सीमेपलीकडचं कमलनगर गाठायचं.

स्टेशनावर स्थानिक माल विकायच्या 'एक स्टेशन, एक उत्पादन' योजनेसाठी मात्र आमचा माल कधीचाच तयार आहे: देवणी गाय. वानेरा, बालंक्या, शेवरा अशा तिन्ही रंगांत. स्टॉल जरा मोठा लागेल, आणि शेणाचं टेंडर वेगळं काढावं लागेल, एवढंच. कम्युनिटी स्पेस म्हणाल तर तीही आहे. एसटीची वाट बघत चहाच्या टपरीवर तासभर राजकारण होतं, कन्सल्टंटची फी न देता.

एप्रिल २०१६च्या दुष्काळात मिरजेहून पाण्याची गाडी आली, तेव्हा लातूरचं स्टेशन खरं गजबजलं होतं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. तेव्हा फूड कोर्ट कुठे आहे, असं कुणी विचारलं नाही.

तेव्हा साहेब, प्लाझा सावकाश बांधा. आधी उदगीरहून रात्री परतायला एक एसटी वाढवा.